नसलेल्या पायाची कळ

दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. इंग्रजांच्या काळापासून इथे शिपाई पेन्शनरांची वस्ती. आजही आसपासच्या वाड्यांमध्ये फौजी घरं सापडतातच. मी इथे फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे आणि कंबर धरून येणारे माजी सैनिक माझ्याकडे रोजचेच.

भाताची लावणी आटोपल्यावर एक हवालदारकाका आले, काकींसोबत. 1996 साली काश्मीरमध्ये सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून घेतलेला. ते केंद्र 1944 पासून जवानांना हातपाय देतं आहे. त्या पायावर काका बांधावरूनसुद्धा चालतात. चालण्याची तक्रार नव्हतीच.

तक्रार काकींनी सांगितली. “रात्री उठून बसतात. जिथं पाय नाही तिथली चादर मुठीत आवळून धरतात.”

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मॅडम, बूट आवळलाय. अंगठा दुमडून तळव्यात रुतलाय. सुटतच नाही.”

फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं होतं. “मनाचे खेळ आहेत,” असं उत्तर मिळालं. त्यानंतर त्यांनी हा विषय कुणाकडे काढलाच नाही. काकींनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, तेही त्यांच्या नकळत. झोपेच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, म्हणून त्या सुटल्या. ऐकताना मला राग आवरेना. ही कळ खरी असते. पाय जातो, पण मेंदूतली त्याची जागा तशीच राहते. तुटलेल्या नसांची टोकंही डिवचत राहतात. मेंदू बोटं सोडायला सांगतो, पण सुटल्याची खबर परत येत नाही.

मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात यावर आरशाचा उपाय शोधला. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर त्याची छोटी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. आरशात बघणाऱ्यांचं दुखणं कमी झालं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे मी काकांना आधीच सांगितलं.

माझ्याकडे आरसा नव्हता. घरच्या कपाटाचा काढून आणला, कडांना चिकटपट्टी लावली. काकांना पाय पसरून बसवलं आणि दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा धरला, खुंट त्याच्या मागे झाकला. आरशात डावा पाय उजवा होऊन दिसू लागला. भेगाळलेली टाच, लावणीच्या चिखलाने काळवंडलेली नखं.

“आता दोन्ही पायांची बोटं हळूहळू उघडा.”

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा त्यांचा श्वास अडकला. आरशावरची नजर न हलवता म्हणाले, “थांबा. अंगठा सुटतोय.” हातातला आरसा हलू नये म्हणून मी भिंतीला रेलले.

तीन आठवड्यांनी ते परत आले. बूट सैल झालाय, टाच अजून अधूनमधून जळते. पण सलग चार-पाच तास झोप लागते. बाकीच्या औषधांसाठी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, डॉक्टरांना मी सविस्तर चिठ्ठी दिली.

निघताना दारात थांबले. “मॅडम, पलीकडच्या वाडीत माझ्या पलटणीतला एकजण आहे. हात गेलाय त्याचा. त्याचीही मूठ आवळलेली असणार, पण बोलत नाही. आणू?”

“उद्याच आणा,” मी म्हटलं.