दोघांचंही उत्तर ३४

जूनचा पहिला आठवडा, आठवीचा वर्ग आणि सेतुबंधची, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला होणाऱ्या मागच्या इयत्तांच्या उजळणीची, पूर्वपरीक्षा. कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीला संपते, आठवीपासून हायस्कूल. त्यामुळे बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी हायस्कुलात आठवीला आजूबाजूच्या गावांतली मुलं एकदम येतात, आणि मधे एप्रिल-मेची जवळजवळ सात आठवड्यांची सुट्टी गेलेली असते. त्या दिवशी तपासताना दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून बघावे लागले. गणित होतं २४३२ भागिले ८. दोघांनीही उत्तर लिहिलं होतं ३४; यायला हवं होतं ३०४.

मुलगी जांबोटीकडच्या खेड्यातली, मुलगा बेळगाव तालुक्याच्या पूर्व भागातला. सातवीच्या प्रगतिपत्रकावर दोघांचीही गणितातली श्रेणी चांगली. चूकसुद्धा अगदी एकच. २४ मध्ये ८ तीन वेळा, बाकी काही नाही. मग ३ खाली उतरवला. तिनात आठ जात नाहीत, म्हणून लगेच पुढचा २ उतरवून ३२ केले आणि आठ चोक बत्तीस. भाग जात नाही तिथे वर शून्य मांडायचं असतं, ते राहून गेलं.

दोघांना वेगवेगळं बोलावून एकच प्रश्न विचारला: "२४०० चे आठ सारखे वाटे केले, तर एका वाट्याला किती येतील?"

मुलगी थोडं थांबून म्हणाली, "तीनशे." मग स्वतःच्या पेपरकडे बघितलं आणि लगेच, "मधलं शून्य राहिलं की, सर!" पुढचं गणित दिलं, ४५३५ भागिले ५. तिने ९०७ अचूक काढलं.

मुलगा म्हणाला, "तीस." त्याच्यासमोर एक भागाकार पायरी पायरीने सोडवून दाखवला आणि तेच ४५३५ दिलं. उत्तर आलं ९७. मग २४३२ मधल्या चारावर बोट ठेवून विचारलं, "हे किती?" तो म्हणाला, "चार." चारशे नाही.

म्हणजे मुलगी विसरली होती. मुलाला स्थानिक किंमत कधी नीट आलेलीच नव्हती; सातवीपर्यंत तो मांडणी पाठ करून पुढे आला होता, आणि सुट्टीत ती मांडणीही गेली. पेपरवर दोघांची चूक सारखीच दिसते. आमच्या मते सुट्टीतल्या अभ्यासाबद्दल पालकांनी आणि शिक्षकांनी सगळ्यात आधी हाच फरक ओळखायला हवा. विसरलेलं मूल रोजच्या सरावाने टिकतं. ज्याला मुळात आलेलं नाही, त्याच्या हातात सुट्टीभराचे कागद दिले, तर ते चुकीची रीतच दीडशे वेळा गिरवतं आणि जूनमध्ये ती सोडवणं दुप्पट अवघड होतं.

ओळखायची रीत सोपी आहे, दहा मिनिटं पुरतात. आधी अंदाज विचारा. मग एक सोडवलेलं उदाहरण, काही न समजावता, नुसतं बघायला द्या. लगेच त्याच प्रकारची तीन गणितं. तिन्ही किंवा दोन बरोबर आली, तर सरावाचं मूल. एकही आलं नाही, तर शिकवायचं मूल. हे काम एप्रिलमध्ये निकालाआधी, सातवीच्या वर्गशिक्षकांनी करायचं. जूनपर्यंत थांबलं, की सुट्टी हातातून गेलेली असते.

काय गळतं हे ठरलेलं आहे. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळ्यात सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी घट होते, आणि आकडेमोड व शब्दांचं लेखन यांना सर्वांत जास्त फटका बसतो, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे कोविडच्या बंद शाळांनंतर, २०२१ च्या जानेवारीत, अझीम प्रेमजी फाउंडेशनने कर्नाटकासह पाच राज्यांत दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षीचं भाषेतलं निदान एक कौशल्य ९२ टक्के मुलांनी गमावलं होतं, गणितातलं ८२ टक्क्यांनी. तो काळ सुट्टीपेक्षा खूप लांब होता, पण वापर थांबला की काय होतं ते त्यात स्पष्ट दिसतं.

सरावासाठी आम्ही देतो तो कागद असा: रोज सहा गणितं, आठवड्यातून पाच दिवस, वीस ते पंचवीस मिनिटं. सात आठवड्यांचे ३५ कागद. सहांत दोन भागाकार (एकात मधे शून्य येणारं असलंच पाहिजे), एक दशांश, एक अपूर्णांक, एक ऋण संख्यांचं, एक शाब्दिक. एकाच प्रकारची गणितं ओळीने कधीच द्यायची नाहीत. ओळीने दिली की मूल पहिल्या गणिताची रीत पुढे रेटत जातं. कुठली रीत कुठे लावायची हा विचारच होत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच करावा लागतो.

पडताळा मुलाने स्वतः करायचा, कारण घरात तपासणारं कुणी असेलच असं नाही. भागाकार असेल तर उलटा गुणाकार: ३४ गुणिले ८ म्हणजे २७२, २४३२ च्या जवळपासही नाही. ५.६ अधिक ०.७५ हे उजवीकडचे अंक जुळवून मांडलं, की १.३१ येतं, पाच रुपये साठ पैशांत पाऊण रुपया मिळवला तर सव्वा रुपयाच्या आसपास कसे होतील? उत्तर ६.३५. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश याचं 'तीन सप्तमांश' हे उत्तर तर पहिल्या अपूर्णांकापेक्षाही लहान आहे. छेद १२ करून ते ११/१२ येतं. शाब्दिक गणित घरातलं घ्यावं. खानापूरकडे त्या दिवसांत काजू असतो: साडेतीन किलो बिया, किलोला ११० रुपये दर धरला, तर किती?

कानडीकडे मात्र फार कमी लक्ष जातं, आणि मराठी शाळेतल्या मुलांची तिथेच मोठी घसरण होते. घरी टीव्ही मराठी, बोलणं मराठी, त्यामुळे सुट्टीत कानडी पूर्ण थांबते. जूनमध्ये मुळाक्षरं आठवतात, पण ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहायची अक्षरं, गेलेली असतात. मराठीच्या सवयीने मूल आधी अर्धं अक्षर लिहायला बघतं. कानडीत पहिलं अक्षर पूर्ण लिहून दुसरं त्याच्या खाली येतं. रफार मराठीत डोक्यावर, कानडीत अक्षराच्या उजवीकडे. ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' हा भेद मराठी लिपीत नाहीच, म्हणून तो सर्वांत आधी सुटतो. त्यासाठी रोज तीन शब्द पुरेत. सुरुवात अर्थ माहीत असलेल्या शब्दांनी करावी: पुस्तक, शब्द, सूर्य, वर्ष. मग अक्का (मोठी बहीण), हळ्ळी (खेडं), हक्की (पक्षी), एत्तु (बैल). पुस्तक मिटून आठवून लिहायचं, मग उघडून ताडून बघायचं. बघून उतरवलं तर हात चालतो, डोक्यात काही राहत नाही. बसवरच्या आणि ग्रामपंचायतीच्या पाट्या वाचणं हा याचाच भाग.

बेत मोडतो तो बहुतेक वेळा पहिल्या पंधरवड्यात. उत्साहाने रोज दोन तास ठरवतात आणि पहिल्या लग्नाला किंवा जत्रेला ते बंद पडतं. म्हणून वेळ कमी ठेवा, सकाळच्या चहाला जोडून घ्या, आणि बुडालेला दिवस भरून काढायला लावू नका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिवसाचाच कागद. मेच्या शेवटी एकदम घोकून घेतलेलं पूर्वपरीक्षेत उठून दिसतं आणि जुलैत पुन्हा जातं. आई-वडिलांना शिकता आलं नसेल, तरी त्यांचं एक काम आहे: संध्याकाळी पेपरातल्या दहा ओळी मोठ्याने वाचायला लावायच्या आणि "काय लिहिलंय?" एवढं विचारायचं.

त्या मुलीला मधे शून्य येणारे भागाकार दिले, सेतुबंधच्या शेवटच्या चाचणीत तिने ते नीट सोडवले. मुलाला शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या खोट्या नोटा दिल्या. आठ जणांत २४३२ रुपये वाटायचे: शंभराच्या २४ नोटा, प्रत्येकाला ३. दहाच्या ३ नोटा आठ जणांना पुरत नाहीत, म्हणून त्या जागी ०. त्या मोडून ३० सुट्टे, आधीचे २, मिळून ३२, प्रत्येकाला ४. नोटा बाजूला ठेवून नुसत्या आकड्यांवर यायला त्याला सेतुबंधचा काळ पुरला नाही, तास संपल्यावर वेगळं बसवावं लागलं. आता त्याला भागाकार येतो. सरावाचे कागद त्याला दसऱ्याच्या सुट्टीपासून मिळतील.