मायक्रोवेव्हमधील स्क्रॅम्बल्ड एग्ज आणि सांगलीची भुर्जी

बर्मिंगहॅमच्या सेली ओक भागात, लाल विटांच्या एका जुन्या घरात आम्ही सहा विद्यार्थी राहतो आणि सहा जणांत मिळून चार बर्नरची एकच शेगडी आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास तिच्यापाशी उभे राहायलाही जागा नसते, कारण नऊच्या लेक्चरला सगळ्यांनाच निघायचे असते. त्यामुळे येथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी न्याहारीपुरता शेगडीचा नाद सोडला आणि खिडकीजवळच्या मायक्रोवेव्हकडे वळलो. आज दीड वर्षानंतर आठवड्यातून चार वेळा मी त्यात अंडी शिजवतो आणि ती नाइलाज म्हणून नव्हे, तर मनापासून आवडतात म्हणून खातो. घरी सांगलीत यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नाही, म्हणून ही कृती तिच्यामागच्या कारणांसह लिहीत आहे.

आमच्या घरी अंडी म्हणजे रविवारची भुर्जी आणि ती करायची बाबांनी. सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य. अंड्याची कढईही वेगळी, ती इतर भांड्यांत कधी मिसळायची नाही. बारीक चिरलेला कांदा तेलात तांबूस होईपर्यंत परतायचा, हिरवी मिरची, टोमॅटो आणि कांदा-लसूण मसाला घालून कडेने तेल सुटू द्यायचे, मग अंडी थेट कढईत फोडायची आणि दाणा मोकळा होईपर्यंत उलथन्याने मोडत राहायचे. हीच चव डोळ्यांसमोर ठेवून मी पहिल्या प्रयत्नात कांदा, टोमॅटो, तेल, मसाला आणि तीन अंडी एकाच मोठ्या कपात कालवली आणि सलग तीन मिनिटे लावून दिली. बाहेर आले ते असे: कडेला रबरासारखा चिवट थर, मध्यभागी अजून वाहणारे कच्चे अंडे आणि तळाशी बोटभर पिवळे पाणी. कांदा उकडल्यासारखा पांढरट राहिला होता आणि मसाल्याचा कच्चा वास येत होता.

त्या रात्री बाबांना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “कढईत पाणी सुटलं तर आटवता येतं रे, कपात ते कुठं जाणार?”

मला वाटते, सगळे मर्म या प्रश्नात आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला आळू लागतो आणि पिवळा बलक ६५ अंशांच्या पुढे घट्ट होत जातो. पांढऱ्यातील मुख्य प्रथिन मात्र ८० अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय पुरते कडक होत नाही. या मधल्या टप्प्यात प्रथिनांचे सैलसर जाळे तयार होते आणि अंड्यातील पाणी त्यात अडकून राहते, म्हणून अंडी मऊ लागतात. त्यापुढे उष्णता देत राहिले की जाळे आवळत जाते आणि पिळलेल्या फडक्यातून यावे तसे पाणी बाहेर पडते. भुर्जीत आपण हे मुद्दाम घडवून आणतो, कारण उघड्या, तापलेल्या कढईत सुटलेले पाणी लगेच उडून जाते आणि पावाबरोबर खायला हवा तसा कोरडा दाणा मिळतो. कपात ते पाणी तळाशी साचते. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये भुर्जीचा हट्ट धरू नये; तेथे पाणी अंड्यातच राखणारा पदार्थ करावा, म्हणजेच इंग्रजांचे स्क्रॅम्बल्ड एग्ज.

कडेला रबर आणि मध्ये कच्चे, असे का झाले हेही नंतर समजले. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापलीकडच्या भागाला उष्णता कडेकडूनच पोहोचावी लागते. शिवाय या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि त्या आतल्या भिंतींवर आदळून परत फिरतात, त्यामुळे काही जागा जास्त तापतात आणि काही जवळजवळ थंडच राहतात. काचेची तबकडी फिरते ती याच कारणासाठी. कप तबकडीच्या मध्यावर न ठेवता थोडा कडेला ठेवला, तर फिरताना तो दोन्ही प्रकारच्या जागांतून जातो. हे सारे ध्यानात आले की उपायही आपोआप सुचतो: थोडा वेळ तापवायचे, बाहेर काढून ढवळायचे आणि पुन्हा थोडा वेळ तापवायचे.

ढवळण्याची खरी पद्धत मला शेजारच्या खोलीतील यॉर्कशायरच्या मैत्रिणीने दाखवली. चांगला मोठा, निदान साडेतीनशे मिलिलिटरचा चिनी मातीचा मग घ्यावा, कारण अंडी फुगून वर येतात. (आईने बांधून दिलेल्या स्टीलच्या वाट्या यासाठी चालत नाहीत, धातू लहरी परतवतो आणि ठिणग्या उडण्याचा धोका असतो.) मगात सुपारीएवढे लोणी घालून दहा सेकंद वितळवावे आणि मग तिरका करून ते आतून सगळीकडे फिरवून घ्यावे. मध्यम आकाराची दोन अंडी, दोन मोठे चमचे दूध आणि चिमूटभर मीठ घालून काट्याने फेटावे. काटा उचलल्यावर पांढऱ्याची तार लोंबत असेल तर अजून फेटायला हवे, कारण न मिसळलेला पांढरा भाग वेगळा आळतो आणि त्याच्या चिवट गाठी होतात.

आमचा मायक्रोवेव्ह ८०० वॅटचा आहे. पहिल्या तीस सेकंदांत वरून काहीच झालेले दिसत नाही, पण काटा कडेने फिरवला की आळलेली पातळ कड हाताला लागते. ती खरवडून मध्यभागी आणावी आणि मधले पातळ अंडे कडेला सारावे. पुढच्या वीस सेकंदांत मोडलेल्या दह्यासारखे गोळे दिसू लागतात. पुन्हा तसेच ढवळून पंधरा सेकंद द्यावीत. या वेळी दारातून पाहिले तर अंडी मगाच्या काठापर्यंत फुगून येताना दिसतात आणि दार उघडताच खाली बसतात. येथून पुढे दहा सेकंदांहून जास्त वेळ एका दमात देऊ नये. गोळे मऊ झाले आहेत, वर चकाकी आहे आणि चमचाभर अंडे अजून ओलसर वाटते आहे, अशा वेळी थांबावे, मगावर ताटली झाकावी आणि मिनिटभर हात लावू नये. आतल्या उष्णतेने उरलेले अंडे त्या मिनिटात आळते. हे थांबणे शिकायला मला तीन आठवडे लागले, कारण भुर्जी करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ओलसर अंडे म्हणजे कच्चे अंडे असेच वाटते.

कांद्याचा मी नाद सोडला आहे. मगातला कांदा स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि त्यातील पाणी असेतोवर शंभर अंशांपुढे फारसा जात नाही, त्यामुळे तांबूस रंगही येत नाही आणि तो गोडसर खमंगपणाही येत नाही. आईचा कांदा-लसूण मसाला मात्र आधीच भाजून कुटलेला असतो. तो पाव चमचा लोण्याबरोबर त्या पहिल्या दहा सेकंदांत तापवला, तर लोणी लालसर होते, सुवास सुटतो आणि अंड्यांना घरची चव येते. वरून कोथिंबीर आणि मिरचीचे दोन-चार तुकडे पुरतात.

या यंत्राचा आणि मी राहतो त्या शहराचा संबंध मला येथे आल्यावर कळला. मायक्रोवेव्हच्या पोटात लहरी निर्माण करणारा जो भाग असतो, त्याला मॅग्नेट्रॉन म्हणतात. त्याचे प्रभावी रूप, म्हणजे कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये येथल्याच बर्मिंगहॅम विद्यापीठात चालवून दाखवला; तो हवा होता शत्रूची विमाने आणि पाणबुड्या शोधणाऱ्या रडारसाठी. त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री टिझर्ड यांच्या शिष्टमंडळाने तो अमेरिकेला नेला. तेथे रेथिऑन कंपनीत मॅग्नेट्रॉनवर काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातले चॉकलेट १९४५ मध्ये वितळले आणि त्यातून अन्न शिजवण्याची कल्पना निघाली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत कवचासकट ठेवलेले एक अंडे फुटले, असेही सांगतात. ते सहज पटते, कारण कवचात कोंडलेल्या वाफेला वाट नसते. सोललेले उकडलेले अंडेही म्हणूनच मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम करू नये. फेटलेल्या अंड्यात असे काही कोंडलेले नसते. सेली ओकहून विद्यापीठाकडे चालत जाताना हे आठवले की मला या यंत्राविषयी आदर वाटतो.

अंड्याचा मग धुताना आधी थंड पाणी वापरावे, हे मला येथेच कळले. गरम पाण्याने चिकटलेले अंडे आणखी आळते आणि काही केल्या निघत नाही; थंड पाण्यात पाच मिनिटे भिजवले की फडक्याने सुटते आणि वशाट वासही राहत नाही. सहा जणांच्या स्वयंपाकघरात हे पाळायलाच हवे.

हे वाचून घरी करून पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८८ मध्ये अंड्यांतील साल्मोनेला जंतूंवरून मोठे वादळ उठले होते आणि कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांना राजीनामा द्यावा लागला होता. पुढे कोंबड्यांना लस टोचण्याची व्यवस्था आली आणि १९९८ पासून अशा अंड्यांवर लाल सिंहाचा शिक्का दिसू लागला. त्या शिक्क्याची अंडी मऊसर, ओलसर खाण्यास २०१७ मध्ये येथील अन्न मानक संस्थेने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनाही मोकळीक दिली. आपल्याकडच्या अंड्यांवर हा शिक्का नसतो, तेव्हा सांगलीत किंवा पुण्यात करताना ओलसरपणा अजिबात दिसेनासा होईपर्यंत शिजवावे. बाबांनी गेल्या रविवारी आमच्या घरच्या ७०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये तसेच केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला पाच-पाच सेकंद जास्त दिली, शेवटी दहा सेकंदांच्या दोन फेऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी ढवळले. मगाच्या तळाशी पाणी नव्हते, एवढे त्यांनी फोन करून आवर्जून सांगितले आणि मग स्वतःसाठी कढईत भुर्जी टाकायला गेले.