कुणीतरी आधीच गेलंय की!

उतारावर हिमस्खलनाचा धोका किती, हे बघायला बर्फात खड्डा खणला. त्याच्या भिंतीत बोट फिरवलं आणि गुडघाभर खोलीवरचा बर्फ साखरेसारखा भुरभुर गळायला लागला. त्याच्या वरचा थर मात्र घट्ट, एकसंध. हीच जोडी वाईट: खालचा थर तुटला की वरचा अख्खा थर घसरतो.

९० बाय ३० सेंटिमीटरचा स्तंभ कापून वर फावडं ठेवलं. मनगटातून १० थापा, काहीच नाही. कोपरातून मारायला लागलो आणि तिसऱ्याच थापेला चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावली. म्हणजे थर घसरायला तयारच.

तेवढ्यात सोबतचा म्हणाला, "अरे, पण समोरच्या उतारावरून कुणीतरी आधीच गेलंय की! माग दिसतायत."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये. माग एवढंच सांगतात, की त्या माणसाच्या वजनाने खालचा थर तुटला नाही. बर्फ सगळीकडे सारखा जाड नसतो. खडकाजवळ तो पातळ असतो, तिथे दहाव्या माणसाचं वजनही नेमकं त्या थरापर्यंत पोचू शकतं. आणि उतार ३५ अंशांचा! बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांतच होतात.

आम्ही वळलो, २५ अंशांच्या सौम्य उताराने खाली आलो. बर्फ तिथेही सुरेख होता, खरंच.

तुमच्यासोबत कुणी असं मागांकडे बोट दाखवलं, तर 'नको' म्हणायला कितपत जमतं?