ऑइल पेणारी गाडी: जुनी रोटरी घेतल्यावर काय काय केलं

इकडे हिरोशिमात जुनी माझदा आरएक्स-८ घेतली, तिचा फोटो टाकल्यापासून गावाकडच्या पोरांचे मेसेज सुरूच आहेत आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, भाऊ रोटरी इंजन टिकत नाही, काहून घेतली? टिकतं राजेहो. फक्त साध्या गाडीच्या सवयी हिच्यावर चालत नाहीत.

आधी इंजन समजून घ्या. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, तिकोनी रोटर आहेत दोन, प्रत्येकी ६५४ सीसीचे. रोटर एकदा फिरला की शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणजे मीटरवर ९००० आरपीएम दिसतात तेव्हा रोटर ३००० नेच फिरत असतो. त्याच्या तिन्ही टोकांना एकेक पट्टी असते, एपेक्स सील. पिस्टनच्या रिंगांचं काम ह्या पट्ट्या करतात आणि सगळा जीव तिथंच. साठच्या दशकात माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोटो आणि त्यांच्या टीमला ह्याच पट्ट्यांनी रडवलं होतं, आत हाउसिंगवर, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या खोक्यावर, ओरखडे पडायचे, त्याला ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. त्यातून मार्ग निघाला तेव्हा १९६७ मध्ये माझदाची रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट आली, आणि १९९१ मध्ये माझदाच्याच चार रोटरच्या रेसिंग गाडीनं, ७८७बी नं, फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत मारली. त्यामुळं रोटरी टिकतच नाही हे मी मानत नाही.

आता ऑइल. दारव्ह्याकडे आमच्या मामाजींचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, त्यांना फोनवर सांगितलं की ही गाडी ऑइल पेते, तर लगेच म्हणे, "मंग रिंगा गेल्या तिच्या, फसवलं बापा तुले." म्हटलं मामाजी, हिले पिस्टनच नाही जी, कंपनीनंच एक पंप देला आहे, तो थोडं थोडं ऑइल आत सोडते त्या पट्ट्यांसाठी, आन ते पेट्रोलसंगं जळून जाते. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणे, "म्हंजे राजदूतवानी." एकदम बरोबर! राजदूत, लुनाच्या पेट्रोलमध्ये आपण ऑइल मिसळायचो तेच. म्हणून हिचं ऑइल कमी होते याची चिंता नाही, कमी व्हायचं थांबलं तर मात्र पंप आणि त्याच्या नळ्या तपासायच्या. मी दर दुसऱ्यांदा टाकी भरताना डिपस्टिक ओढून पाहतो, वरून पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइलही टाकतो.

थंड इंजन चालू करून लगेच बंद करायचं नाही, हे तर पक्कं ध्यानात ठेवा. आपल्याकडे आंगनातली गाडी निंबाच्या सावलीत लावायची म्हणून चालू करतात, चार हात नेतात आणि बंद करतात. हिच्यासोबत असं केलं की जास्तीचं पेट्रोल आत राहतं, प्लग ओले होतात, पट्ट्यांवरचं ऑइल धुऊन जातं, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पडतं आणि मग कितीही सेल मारा, चालू होत नाही. अशा वेळी अॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबून सेल मारायचा, म्हणजे इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंद करतात आणि आतलं हळूहळू निघून जातं. त्यासाठी बॅटरी आणि स्टार्टर दमदार पाहिजे.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते कॉइलमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या डब्यांमध्ये. चार प्लग, चार कॉइल. कॉइल एकदम मरत नाही, कमजोर होत जाते, गाडी तर चालत राहते पण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळून चोक होतो आणि सगळी गरमी परत इंजनवर येते. म्हणून घेतल्या घेतल्या मी चारही कॉइल, प्लग आणि वायरी बदलल्या, जुन्या चालू होत्या तरीही. प्लग दोन प्रकारचे असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग, त्यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही.

गरमीचं तर विचारूच नका. हाउसिंग अॅल्युमिनियमचं, बाजूच्या प्लेटा बिडाच्या, तापल्यावर दोघांचं फुगणं वेगळं आणि मधात नाजूक वॉटर सील. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, तिथं ही गाडी असती तर मी पहिले रेडिएटरच बदललं असतं. कंपनीचा टेंपरेचरचा काटा एकदा मध्यावर बसला की बराच वेळ हलत नाही, पाणी तापत असलं तरी, म्हणून आकडा दाखवणारा वेगळा मीटर लावून घेतला.

आणि जपायचं म्हणून हळू चालवू नका. पूर्ण गरम झाली की रोज एकदा तरी वरच्या आरपीएमपर्यंत ओढायची, कार्बन साचत नाही.

टॅक्स इथं दोन्ही रोटरच्या मिळून १३०८ सीसीला दीडपट धरून लावतात, तो भरावाच लागतो.

राहिलं कॉम्प्रेशन. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात मोठा आकडाच पकडून ठेवतो, बाकीच्या दोन कमजोर असल्या तरी कळत नाही. रोटरीचा वेगळा टेस्टर असतो, तो प्रत्येक रोटरचे तीन आकडे देतो. २५० आरपीएमला ८.५ (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) म्हणजे नव्यासारखं, ६.९ च्या खाली गेलं की संपलं. माझे सहाही आकडे आठच्या आसपास आले. एखादी पट्टी गेली तर तेवढीच बदलता येत नाही, इंजन खाली उतरवून, लांब बोल्ट काढून एकेक थर करत मोकळं करावं लागतं. त्यामुळं दर दोन वर्षांनी इथली सरकारी तपासणी येते तेव्हा हे आकडे परत काढून जुन्या कागदाशी लावून पाहणार आहे.