किल्ले वगळून वेल्स: ग्विनेद आणि पोविसच्या राजांच्या मागावर

उत्तर वेल्सला गेलेला प्रवासी कॉनवी, कार्नार्व्हन, बोमारिस हे किल्ले पाहतो आणि वेल्सचा इतिहास पाहून झाला असे समजतो. किल्ले देखणे आहेत यात वाद नाही. पण ते इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचे, १२८३च्या सुमारास वेल्स जिंकल्यावर उभे राहिलेले. वेल्सच्या आपल्या राजांची सात-आठशे वर्षे त्याआधी होऊन गेली. त्यांचे वाडे लाकडाचे, तटबंदी रचीव दगडांची, त्यामुळे उभे असे फारसे काही उरलेले नाही. उरले ते कोरीव दगड, मठांतल्या कालनोंदी आणि वंशावळी. म्हणून या प्रवासाचा आराखडा आम्ही दगडांवरून आखला.

रोमन फौजा गेल्यावर वेल्समध्ये छोटी छोटी राज्ये उभी राहिली. वायव्येला डोंगर आणि अँगलसी बेट मिळून ग्विनेद, पूर्वेला इंग्लंडच्या सीमेला लागून पोविस, नैर्ऋत्येला डव्हेद, आग्नेयेला ग्लिविसिंग, मध्ये ब्रुखैनिओगसारखी चिमुकली राज्ये. वडिलांचे राज्य मुलांमध्ये वाटायची रीत होती, त्यामुळे एखाद्या कर्त्या राजाने दोन-तीन राज्ये एकत्र आणली तरी पुढच्या पिढीत भाऊबंदकी ठरलेली. संपूर्ण वेल्सवर सत्ता चालवलेला राजा एकच, ग्रिफिद आप लेवेलिन (‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’). तीही १०५७ ते १०६३ अशी जेमतेम सहा वर्षे.

सुरुवातीला देगानवी. लंडनच्या यूस्टन स्थानकातून होलिहेडकडे जाणाऱ्या गाडीने लँडिडनो जंक्शनला उतरायचे आणि तिथून लँडिडनोच्या फाट्यावरचे पुढचेच स्थानक देगानवी. गावामागे ज्वालामुखी खडकाच्या दोन टेकड्या आहेत, उंची शंभर मीटरच्या आसपास. वाट चरणीच्या रानातून जाते. पावसानंतर वरचा खडक चांगलाच निसरडा होतो. घोट्याला आधार देणारे बूट हवेत. प्रवेशशुल्क नाही, पहारेकरी नाही.

सहाव्या शतकातला ग्विनेदचा राजा मैलगुन याची ही गढी, असे परंपरा सांगते. गिल्डास नावाच्या धर्मगुरूने त्या काळी पाच राजांना नावे घेऊन झोडपले, त्यांत मैलगुनला ‘बेटाचा ड्रॅगन’ म्हटले आणि सर्वांत जास्त शिव्याही त्यालाच दिल्या. गंमत म्हणजे त्याची ताकद आपल्याला कळते ती या शिव्यांमुळेच. वेल्सच्या कालनोंदीत त्याचा मृत्यू ५४७ साली, महामारीच्या वर्षी नोंदलेला आहे.

इथे बहुतेकांची फसगत एकाच गोष्टीने होते. टेकडीवर दिसणारी दगडी बांधकामे मैलगुनची नाहीत. ती इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने १२४५नंतर बांधलेल्या किल्ल्याची, आणि तो किल्ला १२६३ मध्ये ग्विनेदच्या लेवेलिन आप ग्रिफिदने पाडला. जुन्या गढीचा पुरावा जमिनीखाली निघाला. १९६०च्या दशकात लेस्ली अल्कॉक यांच्या उत्खननात भूमध्य सागराच्या काठावरून आलेल्या मद्य-तेलाच्या रांजणांची खापरे सापडली. वेल्सच्या या कड्यावर बसलेला माणूस एवढ्या लांबून माल मागवत होता, ही गोष्ट मला त्या पडक्या भिंतींपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. कालनोंदी पुढे सांगतात, ८१२ मध्ये गढी वीज पडून जळाली आणि ८२२ मध्ये सॅक्सनांनी, म्हणजे इंग्लिशांनी, ती उद्ध्वस्त करून पोविस ताब्यात घेतले. हे ८२२ साल लक्षात ठेवा, पोविसच्या दगडापाशी त्याचा उपयोग आहे.

देगानवीहून अँगलसी. अबेरफ्राउ हे ग्विनेदच्या राजांचे मुख्य ठाणे, पण राजवाडा पाहायचा म्हणून गेलात तर हात हलवत परताल. १३१७ मध्ये वाड्याचे लाकूड कार्नार्व्हन किल्ल्याच्या डागडुजीसाठी काढून नेले. गाव सुरेख आहे, वाळूच्या टेकड्या आहेत, नदीवर अठराव्या शतकातला जुना पूल आहे, तासाभरात आटोपते. वेळ राखून ठेवायचा तो तीनेक किलोमीटरवरच्या लानगादवालादरच्या चर्चसाठी. ते ए ४०८० या रस्त्यालगत आहे. रेल्वेने यायचे तर बोडॉर्गन स्थानक जवळ. तिथे गाडी मागणी असेल तरच थांबते, तेव्हा उतरायचे असल्यास गार्डला आधीच सांगावे आणि चढायचे असल्यास फलाटावरून चालकाला हात दाखवावा. चर्च नेहमी उघडे असेलच असे नाही. निघण्याआधी तिथल्या पॅरिशकडे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांकडे, चौकशी करणे हाच खात्रीचा उपाय.

आत, मुख्य दालनाच्या भिंतीत बसवलेला एक दगड आहे. वरती क्रूस, खाली लॅटिन ओळी: ‘कातामानुस, सर्व राजांमध्ये सर्वांत शहाणा, सर्वांत ख्यातनाम राजा’. कातामानुस म्हणजे कादव्हान, ६२५च्या सुमारास वारलेला ग्विनेदचा राजा. दगडावर उजेड समोरून पाडला तर अक्षरे सपाट होऊन विरतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, की प्रत्येक रेघेची सावली उठते. मग दिसते की लिपी मिश्र आहे: रोमन शिलालेखातली मोठी अक्षरे आणि हस्तलिखितातली गोल वळणाची अक्षरे एकाच ओळीत. म्हणजे मजकूर लिहून देणारा पोथ्या लिहिणाऱ्यांपैकी होता, आणि दरबाराला त्या काळची नवी लेखनपद्धती ठाऊक होती.

खुद्द कादव्हानच्या शहाणपणाचा एकही दाखला इतिहासात नाही. दगड बहुधा त्याच्या नातवाच्या, कादवालादरच्या, काळात लागला. मधला, म्हणजे कादव्हानचा मुलगा कादवाल्लोन मात्र वादळी माणूस. मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याच्या पेंडाशी हातमिळवणी करून त्याने ६३३ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविनला हॅटफील्डच्या लढाईत मारले आणि वर्षभरातच हेवनफील्डला नॉर्थम्ब्रियाच्याच ओस्वाल्डकडून स्वतः मारला गेला. अशा पराभवानंतरच्या पिढीने आजोबांना ‘सर्व राजांत शहाणा’ म्हणावे, यात मला श्रद्धेइतकेच राजकारण दिसते. त्याच चर्चच्या पूर्वेकडच्या खिडकीत पंधराव्या शतकातल्या रंगीत काचेवर मुकुटधारी कादवालादर आहे. इंग्लंडचा सातवा हेन्री स्वतःला त्याचा वंशज म्हणवत होता आणि १४८५ मध्ये बॉसवर्थच्या रणात कादवालादरचा लाल ड्रॅगन घेऊन उतरला होता. वंशावळ कधी वाया जात नाही.

या प्रवासातला सर्वांत मोठा ठेवा लानगोल्लेनजवळ आहे. रुआबॉन स्थानकावरून बसने लानगोल्लेन, तिथून ए ५४२ने हॉर्सशू खिंडीच्या दिशेला. आधी व्हाल क्रुसिस हा १२०१ साली स्थापलेला मठ लागतो आणि थोडे पुढे, शेतातल्या उंचवट्यावर, एलिसेगचा स्तंभ. पायी जाणार असाल तर सांभाळून. रस्त्याला सगळीकडे पदपथ नाही आणि वळणावर गाड्या वेगात येतात. मठाच्या नावातला ‘क्रूस’ तो हाच, कारण हा गोल खांब एका उंच क्रुसाचा सोट आहे. माथा केव्हाच गेला.

पोविसचा राजा कुंगेन याने तो पणजोबा एलिसेदच्या स्मरणार्थ उभारला. नावातला शेवटचा ‘ग’ ही लेख कोरणाऱ्याची चूक, पण जगभर रूढ झाली. कुंगेनने ३१ ओळी लिहवून घेतल्या. त्यात आपली पिढीवार वंशावळ, एलिसेदने तलवारीच्या जोरावर इंग्लिशांकडून पोविस परत मिळवल्याचा दावा, आणि घराण्याचे मूळ थेट रोमन सम्राट मॅग्नस मॅक्सिमसच्या मुलीपर्यंत व ब्रिटनचा दंतकथांतला राजा व्होर्टिगर्न याच्यापर्यंत नेलेले. जो हा लेख मोठ्याने वाचेल त्याने एलिसेदच्या आत्म्यासाठी आशीर्वाद मागावा, अशी विनंती आहे. लेखकाचे नावही आहे: कॉनमार्ख. राजाच्या शब्दाला हात देणाऱ्याचे नाव टिकावे, हे या काळात विरळाच.

आता ते ८२२ साल आठवा. पोविस सॅक्सनांच्या घशात गेले तेव्हा गादीवर याच कुंगेनचे घराणे होते. जमीन हातची जात असताना त्याने पणजोबांचा पराक्रम दगडावर चढवला. कुंगेन ८५४ मध्ये रोमला जाऊन तिथेच वारला आणि पोविस ग्विनेदच्या रोद्री मौरकडे गेले.

लेख आज वाचता येत नाही. तिरपा उजेड पाडूनही फुटकळ रेघांपलीकडे काही लागत नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४०च्या दशकात, स्तंभ पाडला गेला आणि तुटला. १६९६ मध्ये अभ्यासक एडवर्ड लॉइडने अक्षरे उतरवून घेतली नसती तर एकतीसच्या एकतीस ओळी कायमच्या गेल्या असत्या. १७७९ मध्ये स्थानिक जमीनदाराने उरलेला तुकडा पुन्हा उभा केला आणि स्वतःचा लॅटिन लेखही कोरला. जे ठळक वाचता येईल ते त्याचे, राजाचे नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका. खालचा उंचवटा तर आणखी जुना. २०१० ते २०१२च्या उत्खननात तो कांस्ययुगातला दफनाचा ढिगारा ठरला, म्हणजे कुंगेनने जागाही जाणून निवडलेली.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर दक्षिणेकडे वळा. लानगॉर्स तळ्याजवळच्या ब्रेकन गावापर्यंत रेल्वे जात नाही, गाडी भाड्याने घ्यावी लागेल. लानगॉर्स तळ्यात, काठापासून चाळीसेक मीटरवर, ब्रुखैनिओगच्या राजाने दगड आणि लाकूड घालून बनवलेले बेट आहे. ओकच्या फळ्यांच्या वलयांवरून ती झाडे ८८९ ते ८९३च्या दरम्यान तोडल्याचे निघाले. ९१६ मध्ये मर्सियाची शासनकर्ती एथेलफ्लेड हिच्या फौजेने ते उद्ध्वस्त केले आणि राजाच्या बायकोसह चौतीस जणांना पकडून नेले. जळालेले भरजरी वस्त्र तळ्याच्या चिखलात टिकले, त्यावर पक्षी आणि सिंह भरलेले आहेत. आज काठावरून दिसते ते झाडांनी झाकलेले गचपण. दुर्बीण जवळ असलेली बरी.

तिथून लानिल्टुद फौर, इंग्रजीत लँटविट मेजर. हे कार्डिफहून रेल्वेने गाठता येते. सेंट इल्टुड चर्चच्या गॅलिली चॅपेलमध्ये, २०१३ मध्ये दुरुस्त झालेल्या दालनात, कोरीव दगड नीट प्रकाशात मांडले आहेत. त्यांत ग्लिविसिंगचा राजा हवेल याने वडील रीस यांच्या आत्म्यासाठी उभारलेला, चक्राकार माथ्याचा क्रूस आहे. टॉर्चची गरज पडत नाही. उत्तरेतले दगड आधी पाहून इथे यावे, म्हणजे नुसत्या डोळ्यांनीही काय शोधायचे ते कळते.