देव्हाऱ्यातला उघडा खंडोबा

आमच्या घराण्यात एक काळ्या पाण्याचा माणूस होऊन गेला, हे मला नवव्या वर्षी कळलं, तेही शिवी म्हणून. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी चुलतभावाच्या डोक्यात मी ढेकूळ घातलं होतं. मोठी माय ओसरीवरून ओरडली, "काळ्या पाण्याच्या बुढ्याचा गुण उतरला याच्यात!" बुढा म्हणजे माझ्या आजोबांचे वडील. पुढे विचारलं की सगळे गप्प. आजोबा तर आखाजीला घागर भरताना आईचं नाव घ्यायचे, बापाचं घेत नसत. एवढंच कानावर होतं, की त्याने सावकाराची गंजी जाळली, तुरुंगात गेला आणि तिथून काळ्या पाण्यावर.

या फेब्रुवारीत पाच दिवस काढून गेलो. मूर्तिजापूरला गाडीतून उतरलो तर शकुंतलेचे रूळ बाभळीत बुडालेले. १९१३ पासून इथून अचलपूरकडे जाणारी ही चिमुकली गाडी लाखपुरी, बनोसा असं करत आमच्या भागातून जायची. आता एसटी. दर्यापूरच्या रस्त्याला लागलं की खारपाणपट्टा सुरू होतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेली काळी, सपाट, भेगाळलेली जमीन, आणि खाली खारं पाणी. विहीर खणली तरी तोंडात घालवत नाही. हरभऱ्याची सोंगणी चालली होती आणि खिडकीतून आंबचा वास येत होता. याच टापूत देबूजीच्या, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांच्या मामाची जमीन सावकाराने गिळली होती, हे लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. आमच्या बुढ्याची तीच गत, फक्त हा झाडू घेऊन निघाला नाही, काडी घेऊन निघाला.

घरी गेल्या गेल्या चुलतभावाने पत्र्याची पेटी समोर ठेवली. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेले कागद, त्यात १९१७ चं एक गहाणखत, मोडीत. अमरावतीच्या एका निवृत्त गुरुजींनी ते मोबाइलवरच्या फोटोवरून वाचून दिलं. चार एकर वावर सावकाराकडे गहाण. लिहून देणारी पणजी, अंगठा तिचा, आणि नवऱ्याची सही का नाही याचं कारण एका ओळीत: खातेदार हल्ली जेलात. घरात शंभर वर्षं ज्याची कुजबुज चालली ते सावकाराच्या कारकुनाने बिनदिक्कत लिहून ठेवलेलं.

गंजी जाळणं म्हणजे दंड संहितेचं कलम ४३५. शेतमाल असेल तर दहा रुपयांचं नुकसानही पुरे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात लढाई पेटली, जर्मनीकडे जाणारा कापूस थांबला आणि त्या हंगामात वऱ्हाडात भाव कोसळले. कर्जावर पेरलेल्या कापसाचं काय झालं असेल ते इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण सात वर्षांच्या आतल्या शिक्षेला अंदमान कुठून आलं? तिथे जायचे जन्मठेपवाले आणि लांब मुदतीचे. हा हिशेब काही जुळेना. जिथे तो असावा असं वाटत होतं त्या कारागृहाकडे गावी यायच्या आधीच माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, तर चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं होतं: अभिलेख उपलब्ध नाही.

मग आठवली जनगणना. १० मार्च १९११ च्या रात्री आमच्या गावातही प्रगणक फिरला असणार, दिव्याच्या उजेडात त्याने बुढ्याचं नाव, वय, जात, धंदा, लिहिता-वाचता येतं का, हे सगळं भरलं असणार. पण आपल्याकडे त्या तक्त्यांवरून चिठ्ठ्या काढायच्या, चिठ्ठ्या मोजायच्या आणि आकडे छापून झाले की तक्ते नष्ट करायचे, अशी रीत होती. विलायतेत १९२१ ची नावनिशी घरबसल्या पाहता येते, आपल्या हाती नुसत्या बेरजा. माझा पणजोबा त्यातला एक पुरुष, वय तीसच्या आसपास.

त्यामुळे वऱ्हाडात माणूस शोधायचा तर कोतवाल बुकाला पर्याय नाही. गावातले जन्म-मृत्यू टिपलेली ही वही तहसिलीत असते. मी गेलो तेव्हा खोलीबाहेर बाकावर सातआठ जण बसले होते. २०२३ पासून जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून या वह्यांना भाव आलाय. शेजारच्याने विचारलं, "व्हॅलिडिटीसाठी का भाऊ?" नाही म्हटलं, पणजोबा शोधतोय. "मंग थेच तर!"

वह्या लांबट, कडा कुरतडलेल्या, पानं चहात भिजवून वाळवल्यासारखी. बाबूंनी बजावलं, पान वरच्या कोपऱ्यातून उलटा, खालून धराल तर हातात येईल. १९१८ चा ऑगस्ट, सप्टेंबर: गावात महिन्याला दोन, तीन मृत्यू. अक्षर वळणदार, प्रत्येक ओळीला रेघ मारलेली. कुणी म्हातारपणाने, कुणी हगवणीने, एक साप चावून. ऑक्टोबर उघडला आणि रेघा संपल्या. ओळीवर ओळ चढलेली, शाई कधी दाट कधी पाणी, कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, मग नुसती खालपर्यंत ओढलेली दोन टिंबं. ही मानमोडीची, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साथ. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला देशात सगळ्यात जास्त फटका बसलेल्या मुलखांत गणतात, हे मी वाचलं होतं. वाचलं होतं एवढंच. एका पानावर मधेच अक्षर बदलतं, नवा हात, अडखळत लिहिणारा. पहिल्या लिहिणाऱ्याचं काय झालं ते शोधायचा मोह झाला, पण पुढच्याच पानावर पणजी सापडली. चार दिवसांनी तिची मुलगी, वय तीन. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे, ते वाचले, कारण आत्या त्यांना आधीच घेऊन गेली होती.

मी बोट ठेवून बराच वेळ बसलो. बाबू म्हणाले, "फोटो काढून घ्या, लाइन जाते."

बुढ्याचं नाव १९१८ मध्ये नाही. १९१९ मध्ये नाही. ते मिळालं एकदम १९३४ मध्ये, कारण: बुडून. म्हणजे तो परत आला होता.

त्या रात्री मोठ्या मायजवळ बसलो. कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. वय चौऱ्याऐंशी, पण कान शाबूत. तिने बुढ्याला पाहिलेलं नाही, सासूकडून ऐकलेलं. "आला थो. पण घरात नाही घेतलं कोणं. वावरात राहे. छपराखाली झोपे नाही, पाणी आलं तरी. दोन मणाचं पोतं एकटा उचले अन् कोणी मागून आलं का हात उगारे. तुह्या आज्याले त्यानं असं मारलं होतं का पोट्टं आठ दिस उठलं नाही." मग थांबून म्हणाली, "समिंदर ओलांडून आला होता नं. त्याचाच देव हाय आपल्या देव्हाऱ्यात."

कोणता देव? तर खंडोबा.

देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत एक गोल, काळपट तांब्यासारखा तुकडा. जुन्या रुपयाहून थोडा मोठा, वरचा अडकवायचा दांडा तुटलेला. लहानपणी मीही त्याला नमस्कार केलाय. घोड्यावर बसलेला पुरुष, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापांखाली कवटी. आमच्या घरी तो घोड्यावरचा खंडोबा आणि खाली मणी-मल्लाचं मुंडकं. अंगावर कपडा नाही म्हणून आजी त्याला उघडा खंडोबा म्हणायची आणि दर चंपाषष्ठीला जास्तीची हळद लावायची. शंभर वर्षांच्या हळदीकुंकवाचा थर मी चिंचेच्या कोळाने हलकेच सोडवला, मोठी माय बाजूला बसून हो-नाही करत होती. कडेला १९१४ आणि १९१८. उलट्या बाजूला पंचम जॉर्ज. आणि काठावर, भिंग लावून, इंग्रजीत: एक नंबर, बुढ्याचं मोडकंतोडकं नाव, मग 'पोर्टर कोर'.

पहिल्या महायुद्धाचं हे ब्रिटिश पदक. सैनिकाला चांदीचं मिळायचं. हमाल-मजुरांच्या तुकड्यांना ब्राँझचं.

पुढचं काम दर्यापूरच्या लॉजवर, अभिलेख पटल या सरकारी संकेतस्थळावर रात्री दीडपर्यंत. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृह खात्याच्या तुरुंग शाखेच्या फायली चाळल्या आणि कोडं सुटलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा पडलं, तेरा हजारांच्या आसपास फौज तुर्कांच्या हाती गेली. बसऱ्याला जहाजं यायची, पण धक्के अपुरे, माल उतरवायला माणसं नाहीत. म्हणून त्या वर्षाच्या अखेरीपासून हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून कैदी उचलले. त्यांच्या हमालांच्या, मजुरांच्या तुकड्या केल्या. मुदत नीट पुरी केली तर उरलेली शिक्षा माफ. युद्ध संपेपर्यंत पंधरा हजारांच्या आसपास कैदी असे गेले. सरकारने त्यांना तुरुंगातून काढलं, समुद्र ओलांडवला आणि पोती उचलायला लावली.

गावाने काय ऐकलं असेल? जेलातून जहाजात घातला. जहाज म्हणजे काळं पाणी. एवढी सरळ गोष्ट, आणि आम्ही तीन पिढ्या अंदमान अंदमान करत बसलो.

फौजी कागद मिळतील अशी आशा मग थोडी वाढली, पण फार नाही. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदी निघाल्या, त्या पंजाबच्या. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मेलेले आहेत, तिथे गोऱ्यांची नावं आणि बहुतेक हिंदी शिपायांचे नुसते आकडे. आमचा तर जिवंत परतला, त्यामुळे तिथेही नाही. जेल सांगतं गहाणखत, हमाली सांगतं पदक, आणि दोहोंच्या मधली शिवण माझी आहे. पण तुरुंगात असलेला कुणबी युद्धातल्या हमालांच्या पदकासह परत येण्याची दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

तारखा एका कागदावर मांडल्या तेव्हा मात्र जेवण गेलं नाही. मानमोडीने बायको-मुलगी नेली तेव्हा हा बसऱ्याला असणार. परत आला तो घर रिकामं, वावर सावकाराकडे, मुलगा आत्याच्या घरी आणि त्याला ओळखत नाही. आजोबांच्या पाठीवरचे वण मी पाहिलेत. ते या कागदाने पुसले जात नाहीत, आणि आजोबांनी घागरीवर बापाचं नाव घेतलं नाही ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

निघायच्या सकाळी पूर्णेवर गेलो. पात्रात वाळूपेक्षा बेशरम जास्त. कुठे बुडाला ते कुणी दाखवू शकलं नाही.

परत येऊन मोठ्या मायला सगळं सांगितलं, खंडोबा नव्हे, इंग्रजाचं पदक आहे, बुढा बसऱ्याला हमाल होता, काळ्या पाण्यावर नव्हता. तिने पदक पदराला पुसलं, डोळ्यांजवळ नेलं, बघितलं.

"मंग पगार भेटला का त्याले?"

भेटला असंन, म्हटलं.

"तं वावर काहून नाही सोडवलं?"

चुलतभाऊ फाटकाशी गाडी काढून उभा होता. मोठी माय माझ्याकडेच बघत होती, पदक अजून तिच्या मुठीत.