फेलोशिप रखडली म्हणून पेशी थांबत नाहीत

गडहिंग्लजकडची माझी एक विद्यार्थिनी इथं कोल्हापुरातल्याच एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. मधुमेह्यांच्या जखमा लवकर का भरत नाहीत, हा तिचा विषय. बीएस्सीला मी तिला प्राणिशास्त्र शिकवलं. आता निवृत्तीनंतर अधूनमधून तिच्या लॅबमध्ये डोकावते.

तिथं इनक्युबेटरमध्ये ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पेशी वाढत असतात. फ्लास्कमधलं मिडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, लालसर गुलाबी दिसतं, कारण त्यात फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग असतो. पेशी वाढल्या, आम्ल साठलं की ते पिवळं पडायला लागतं. पिवळं दिसलं की मिडियम बदलायचं, मग रविवार असो की जोतिबाची यात्रा. हयगय झाली तर कित्येक आठवड्यांचं काम वाया. ही मुलगी भाऊबीजेला ओवाळून दुपारच्या एसटीनं परत आली होती, ते एवढ्यासाठीच.

तिची फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळायची रक्कम, मात्र महिनोन् महिने येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधकाच्या फेलोशिपची, रक्कम महिन्याला ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, एसआरएफची, म्हणजे वरिष्ठांची, ४२ हजार. त्यासाठी देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आंदोलनं केली होती आणि वाढ हक्काचीच होती. पण माझ्या मते आकड्याइतकंच महत्त्व तारखेला आहे. खोलीचं भाडं एक तारखेला द्यावं लागतं. मेसच्या मावशी एखादा महिना थांबतात, पुढं त्यांचाही नाइलाज होतो. घरी गेलं की चुलते विचारतात, "अजून शिकतीच आहेस व्हय?" तिच्याबरोबरची दोन चांगली मुलं मधेच सोडून गेली. एक औषध कंपनीत विक्रीला लागला, दुसरी स्पर्धा परीक्षा देते. त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची नजर तयार व्हायला वर्षं जातात, आणि अशी तयार झालेली माणसं आपण भाड्यापायी घालवतो.

कोल्हापूरनं तरी हे होऊ देऊ नये. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. खेड्यातल्या पोराची हुशारी जेवणा-राहण्यापाशी अडते, हे त्यांनी ओळखलं होतं. ती अडचण आता पीएचडीपर्यंत येऊन पोचली आहे, एवढंच.

मला इथं एक फिरता निधी हवा आहे. फेलोशिप रखडली की संशोधकाला दरमहा तेवढी रक्कम बिनव्याजी द्यायची, थकबाकी जमा झाली की त्यानं ती परत करायची, म्हणजे पुढच्याला मिळेल. शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या औद्योगिक वसाहतींमधल्या ज्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, त्यांना त्यातून सरकारी विद्यापीठांमधल्या विज्ञान आणि वैद्यक संशोधनालाही मदत करता येते. शाळेला बाकं, गावाला कमान हे होतंच. त्यातला थोडा वाटा इकडं वळावा. लहान देणगीदारांनाही जागा हवी. माझ्या पेन्शनमधून पहिली रक्कम मी बाजूला काढली आहे. हिशेब सांभाळायला एक निवृत्त बँकवाले तयार आहेत. नियम ठरवायला फाउंड्रीतलं, दूध संघातलं कुणी सोबत येणार असेल तर खाली जरूर लिहा.